पुस्तकांसोबत ग्रंथपालही घडवणारा राजा : महाराज सयाजीराव गायकवाड

माकुणसार (ता. पालघर) : आपल्याकडच्या कुठल्याही जिल्हा परिषद शाळेत जा. एका वर्गात किंवा मुख्याध्यापकांच्या खोलीत पुस्तकांचं एक लोखंडी कपाट असतंच. पुस्तकंही असतात, कधी कधी चांगली कोरी करकरीत. कपाटाला कुलूप असतं आणि किल्ली एका शिक्षकाकडे असते. त्या शिक्षकाकडे दोन वर्ग, पोषण आहाराचा हिशेब, ऑनलाइन माहिती भरणं आणि निवडणुकीचं काम असतं. 'ग्रंथालय प्रमुख' हे त्यातलंच आणखी एक काम. हे काम करायचं कसं, ते त्यांना कुणी शिकवलेलं नसतं. एखादं पुस्तक हरवलं तर जबाबदारी मात्र त्यांच्यावरच येते. मग कुलूप उघडायला मन धजत नाही. यात त्या शिक्षकाचा दोष नाही.

सफाळे-केळवे पट्ट्यातल्या माकुणसारपासून थेट मोखाड्यापर्यंत हेच चित्र कमी-अधिक फरकाने दिसतं. म्हणून ११ मार्चला जयंती असलेल्या एका माणसाची गोष्ट आज सांगावीशी वाटते. पुस्तकं वाटली म्हणजे काम झालं असं त्यांनी मानलं नाही. पुस्तकं सांभाळणारा आणि वाचकाच्या हातात देणारा माणूस शिकवून तयार करावा लागतो, हे त्यांनी शंभर वर्षांपूर्वी ओळखलं. ते म्हणजे बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड (तिसरे). स्वतः त्यांना वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत लिहिता-वाचता येत नव्हतं.

कवळाण्याचा गोपाळ

सयाजीरावांचा जन्म ११ मार्च १८६३ रोजी नाशिक जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यात, कवळाणे या खेड्यात झाला. वडील काशीराव, आई उमाबाई. मुलाचं नाव गोपाळ. गायकवाड घराण्याचीच ही शाखा, पण राजवाड्यापासून फार लांब राहिलेली. घर शेतकऱ्याचं होतं. गुरंढोरं, शेत, विहीर हेच मुलाचं जग. शाळेचा संबंध नव्हता.

१८७५ साली बडोद्यात मोठी उलथापालथ झाली. गादीवर असलेले मल्हारराव गायकवाड यांच्यावर इंग्रज रेसिडेंट कर्नल फेअर याला विष घालण्याचा प्रयत्न केल्याचा आरोप आला. चौकशी झाली आणि इंग्रज सरकारने त्यांना गादीवरून दूर केलं. आधीचे महाराज खंडेराव यांच्या पत्नी जमनाबाई यांना दत्तक घेण्याची परवानगी मिळाली. घराण्यातल्या मुलांचा शोध सुरू झाला आणि कवळाण्याहून आणलेल्या मुलांमधून गोपाळची निवड झाली. २७ मे १८७५ रोजी दत्तकविधान झालं आणि गोपाळचे सयाजीराव झाले.

शेतातून आलेला बारा वर्षांचा मुलगा एका दिवसात मोठ्या संस्थानाचा राजा झाला. पण पाटीवर स्वतःचं नाव लिहायचं म्हटलं तर ते येत नव्हतं.

उशिरा सुरू झालेली शाळा

त्यांच्या शिक्षणासाठी एफ. ए. एच. इलियट या इंग्रज अधिकाऱ्याची नेमणूक झाली. अक्षरओळखीपासून सुरुवात झाली. मराठी, गुजराती, इंग्रजी, गणित, इतिहास असं सगळं एकामागून एक. बरोबरीची मुलं लहानपणापासून शिकलेली, आणि हा मुलगा मुळाक्षरं गिरवतोय. सहा-सात वर्षं त्यांनी चिकाटीने अभ्यास केला. दिवाण सर टी. माधवराव यांनी राज्यकारभारावर त्यांना खास व्याख्यानं दिली. ती पुढे 'मायनर हिंट्स' या नावाने छापली गेली. अठरा वर्षांच्या सयाजीरावांकडे २८ डिसेंबर १८८१ रोजी राज्याचे पूर्ण अधिकार आले.

उशिरा शिकलेल्या माणसाला अक्षराची किंमत जास्त कळते, असं आपल्याकडे म्हणतात. सयाजीरावांच्या बाबतीत ते खरं ठरलं. वाचन ही त्यांची जन्मभराची सवय झाली. राजवाड्यात त्यांनी पुस्तकांचा मोठा संग्रह केला. पुढे झोपेचा त्रास सुरू झाला, संधिवाताने घेरलं. पहिली पत्नी चिमणाबाई तरुणपणीच गेल्या आणि मोठे झालेले मुलगेही एकामागून एक त्यांच्या डोळ्यांदेखत गेले. त्या सगळ्यात पुस्तकांची सोबत सुटली नाही.

जोतीराव फुल्यांना त्यांनी मदत केली. १९१३ साली भीमराव आंबेडकर या तरुणाला न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकायला शिष्यवृत्ती दिली. या गोष्टी आपल्याला शाळेपासून माहीत असतात. ग्रंथालयांचं त्यांचं काम मात्र पाठ्यपुस्तकात एखाद्या ओळीवर आटोपतं. खरं तर ते काम त्यांच्या शिक्षणाच्या कामातूनच निघालं होतं.

शिकलेलं विसरायला होतं तेव्हा

१८९३ साली सयाजीरावांनी सौराष्ट्रातल्या अमरेली भागात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू केला. आधी थोडी गावं घेतली, अडचणी पाहिल्या आणि १९०६ साली ही सक्ती सगळ्या राज्याला लागू केली. हिंदुस्थानात त्या वेळी इतकं मोठं पाऊल कुणी उचललं नव्हतं. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ साली मुंबई-कलकत्त्याच्या मुलखासाठीही असाच कायदा व्हावा म्हणून मध्यवर्ती कौन्सिलात विधेयक मांडलं, तेव्हा बडोद्याचं उदाहरण डोळ्यासमोर होतं. पुढच्या वर्षी इंग्रज सरकारने ते विधेयक हाणून पाडलं.

बडोद्यात पोरं शाळेत जाऊ लागली. पण एक वेगळीच अडचण पुढे आली. खेड्यातला मुलगा तीन-चार इयत्ता शिकायचा आणि मग शेतावर जायचा. घरात वाचायला काही नाही, गावात काही नाही. चार-पाच वर्षांत शिकलेली अक्षरं पुसून जायची. सरकारचे पैसे, मास्तरांची मेहनत आणि पोराची वर्षं, सगळं वाया जायचं.

आपल्या गावातही हे दिसतं. आठवीनंतर शाळा सुटलेला पोरगा दहा वर्षांनी बँकेचा फॉर्म भरायला दुसऱ्याला विनवतो. तो मुळात निरक्षर नसतो. वाचायची सवय लागायच्या आधीच त्याच्या हातातून वाचन निसटलेलं असतं.

यावर उपाय म्हणजे गावात शाळेसोबत ग्रंथालय हवं, असं सयाजीरावांच्या मनाने घेतलं.

न्यू हेवनहून आलेला ग्रंथपाल

१९०६ साली महाराज अमेरिकेला गेले. तिथली सार्वजनिक ग्रंथालयं त्यांनी पाहिली. कामगार, बाई, लहान मूल, कुणीही आत यावं, कपाटापर्यंत जावं, पुस्तक हातात घ्यावं आणि फुकट घरी न्यावं. आपल्याकडे तेव्हा ग्रंथालय म्हणजे वर्गणी भरणाऱ्या शहरी सुशिक्षितांची वाचनाची जागा. पुस्तक कुलुपात आणि यादी टेबलावर.

अमेरिकेतली दुसरी एक गोष्टही त्यांच्या लक्षात आली. तिथले ग्रंथपाल शिकून तयार झालेले होते. मेल्विल ड्युई यांनी १८८७ साली कोलंबियात ग्रंथपालांची पहिली शाळा काढली होती. शिक्षकाला जसं अध्यापन शिकावं लागतं तसं ग्रंथपालालाही त्याचं काम शिकावं लागतं, ही कल्पना तिथे रुजली होती.

म्हणून महाराजांनी अमेरिकेहून पुस्तकं मागवण्यावर न थांबता एक माणूसच आणला. त्यांचं नाव विल्यम अॅलन्सन बॉर्डन. कनेक्टिकट राज्यातल्या न्यू हेवन गावच्या यंग मेन्स इन्स्टिट्यूटचे ते ग्रंथपाल होते. त्याआधी बोस्टनला चार्ल्स कटर या नावाजलेल्या ग्रंथपालाच्या हाताखाली त्यांनी काम केलं होतं. १९१० साली बॉर्डन बडोद्यात आले आणि तीन वर्षं राहिले. त्यांच्यासाठी स्वतंत्र ग्रंथालय खातं उभं राहिलं. महाराजांनी राजवाड्यातला स्वतःचा सुमारे २० हजार पुस्तकांचा संग्रह देऊन टाकला. त्यातून बडोद्याचं सेंट्रल लायब्ररी उभं राहिलं. जी पुस्तकं राजाच्या कपाटात होती, ती आता बडोद्यातल्या कुणालाही वाचायला मिळू लागली.

१९११ चा वर्ग

बॉर्डन यांना पहिल्याच टप्प्यात कळलं की इमारत मिळेल, पुस्तकं मिळतील, पण काम करणारी माणसं इथे तयार नाहीत. अमेरिकेहून माणसं आणत राहणं काही शक्य नव्हतं. म्हणून १९११ साली त्यांनी बडोद्यातच ग्रंथपालांचा प्रशिक्षण वर्ग सुरू केला. ग्रंथपालांना शिकवणारा हा हिंदुस्थानातला पहिला वर्ग मानला जातो. लाहोरला पंजाब विद्यापीठात एसा डॉन डिकिन्सन या अमेरिकन ग्रंथपालाने असा वर्ग काढला तो १९१५ साली, म्हणजे बडोद्यानंतर चार वर्षांनी.

अशा वर्गात काय शिकवत असतील, असं कुणालाही वाटेल. नोंदवही आणि शिक्का यापलीकडे यात शिकण्यासारखं काय आहे? पण काम करायला बसलं की कळतं. हजार पुस्तकं आली, ती लावायची कशी? लेखकाच्या नावाने, विषयाने की आकाराने? मराठी, गुजराती, इंग्रजी आणि संस्कृत पुस्तकं एकाच कपाटात असली तर? वाचकाला पुस्तकाचं नाव आठवत नाही, नुसता विषय सांगता येतो, तर त्याला मदत कशी करायची? कुठलं पुस्तक विकत घ्यायचं, कुठलं टाळायचं? फाटलेलं शिवायचं की काढून टाकायचं? वर्गीकरण, तालिका, देवघेव, पुस्तकांची निवड, वाचकाशी वागणूक हे सगळं या धंद्याचं शिक्षण आहे.

बॉर्डन यांनी इथल्या पुस्तकांसाठी कटर आणि ड्युई या दोघांच्या पद्धतींची सांगड घालून बडोद्याची वेगळी वर्गीकरण पद्धत बसवली. परदेशातली पद्धत जशीच्या तशी लादली नाही. आपल्याकडच्या शाळांनी हे ध्यानात ठेवण्यासारखं आहे. पहिली-दुसरीतल्या वारली घरातल्या पोरासाठी पुस्तकं कशी लावायची, याचं उत्तर कुठल्याही जाडजूड ग्रंथात मिळणार नाही. ते शिक्षकालाच शोधावं लागेल, पण शोधायचं कसं हे त्याला कुणीतरी शिकवायला हवं.

१९१२ साली बडोद्यातून 'लायब्ररी मिसेलनी' नावाचं त्रैमासिक निघू लागलं. इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत त्यात मजकूर असायचा. एकदा वर्ग संपला की शिक्षण संपलं, असं नको. दूरच्या गावातल्या माणसाला नवीन काही कळत राहावं, दुसऱ्या गावात काय चाललंय ते समजावं, अशी ती सोय. ग्रंथपालांसाठीचं व्यावसायिक लेखन मराठीत शंभर वर्षांपूर्वी छापलं जात होतं, हे आज अनेकांना माहीतही नसतं. काही वर्षांनी ते त्रैमासिक बंद पडलं.

१९१३ साली बॉर्डन परत गेले. तोवर काम पुढे नेणारी इथली माणसं तयार होती. जनार्दन सखाराम कुडाळकर या मराठी माणसाने ग्रंथालय खात्याची सूत्रं हाती घेतली. बडोद्याच्या ग्रंथालय चळवळीवर त्यांनी पुस्तकही लिहिलं. पुढे न्यूटन मोहन दत्त यांनी ही जबाबदारी सांभाळली. बाहेरचा तज्ज्ञ तीन वर्षांत निघून गेला, तरी काम थांबलं नाही. प्रशिक्षणाचा खरा उपयोग इथे दिसतो.

मोतीभाई मास्तर

खेड्यांतलं काम मात्र एका शाळामास्तराशिवाय उभं राहिलं नसतं. ते म्हणजे मोतीभाई अमीन. १८७३ साली जन्मलेले मोतीभाई पेटलादला शिक्षक होते. सरकारी खातं निघण्याआधीच त्यांनी गावोगावच्या शिक्षकांना आणि तरुणांना धरून 'मित्रमंडळ' नावाने छोटी वाचनालयं सुरू केली होती. चार पुस्तकं, एखादं वर्तमानपत्र आणि ते वाचून दाखवणारा एक माणूस. भांडवल म्हणाल तर एवढंच.

महाराजांच्या खात्याने या मास्तरांना बाजूला न सारता आपल्यात सामावून घेतलं. खेड्यांतल्या ग्रंथालयांचं काम मोतीभाईंकडे आलं आणि त्यांनी ते जन्मभर केलं. शहरातलं ग्रंथालय आणि खेड्यातलं ग्रंथालय यांत फरक असतो, हे त्यांना शिक्षक म्हणून ठाऊक होतं. खेड्यात पूर्णवेळ ग्रंथपाल परवडत नाही. तिथे पुस्तकं सांभाळणारा बहुतेक वेळा शाळेचा मास्तरच असतो. म्हणून त्या मास्तराला पुरेल आणि पेलेल एवढं शिकवणं, त्याला पुस्तकांची यादी देणं, त्याची अडचण ऐकणं महत्त्वाचं ठरतं.

मोतीभाईंचं नाव महाराष्ट्रात फारसं कुणी घेत नाही. गुजरातेत त्यांना ग्रंथालय चळवळीचे जनक मानतात.

गावोगाव फिरणाऱ्या पेट्या

पैशाची पद्धत सयाजीरावांनी सोपी ठेवली होती. गावकऱ्यांनी ग्रंथालयासाठी वर्षाला ठरावीक मर्यादेपर्यंत रक्कम जमवली, खेड्यासाठी ही मर्यादा १०० रुपयांची होती, की तेवढीच रक्कम प्रांताच्या पंचायतीने आणि तेवढीच सरकारने द्यायची. तिघांचा सारखा वाटा. गावाने काहीच केलं नाही तर सरकारही काही देणार नाही. त्यामुळे ग्रंथालय सरकारचं न राहता गावाचं झालं.

ज्या गावांना हेही जमत नव्हतं, त्यांच्यासाठी फिरत्या पेट्या होत्या. लाकडी पेटीत पंधरा ते तीस पुस्तकं भरायची आणि ती गावात पाठवायची. काही काळाने ती परत येणार आणि दुसरी जाणार. पेटीचं जाण्या-येण्याचं भाडं सरकार भरायचं. पेटी ताब्यात घ्यायला गावातला एखादा जबाबदार माणूस लागायचा. शाळा असली की मास्तर हा सोयीचा माणूस.

ज्यांना वाचताच येत नाही त्यांचं काय? त्यांच्यासाठी खात्याने चित्र दाखवणारी शाखा काढली. जादूचा दिवा, म्हणजे काचेवरची चित्रं पडद्यावर पाडणारं यंत्र, आणि पुढे सिनेमाही घेऊन माणसं खेड्यांत जायची. बडोद्याच्या मुख्य ग्रंथालयात बायकांसाठी वेगळी सोय होती आणि मुलांसाठी खेळांसह स्वतंत्र विभाग होता. लहान मुलाला ग्रंथालयात आणायचं तर आधी त्याला तिथे यावंसं वाटलं पाहिजे, एवढा साधा विचार त्यामागे होता.

महाराजांच्या हयातीतच बडोदे राज्यात अशी लहान-मोठी हजारावर ग्रंथालयं उभी राहिली.

आपल्या रुळावरचं नातं

पालघरचा या सगळ्याशी काय संबंध, असं कुणी विचारेल. तेव्हा आपला हा भाग इंग्रजी मुलखातल्या ठाणे जिल्ह्यात, माहीम तालुक्यात होता. गायकवाडी इथे नव्हती. पण सफाळे, केळवे रोड, पालघर, बोईसर या स्टेशनांवरून जाणारी गाडी 'बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे' या कंपनीची. जुनी माणसं तिला बीबीसीआय म्हणायची. १९५१ साली ती पश्चिम रेल्वे झाली. याच रुळावर उत्तरेला वापी, वलसाड सोडलं की बिलिमोरा आणि नवसारी लागतं. तो गायकवाडांचा नवसारी प्रांत. म्हणजे आपल्या स्टेशनावरून गाडीत बसलेला माणूस दोन-तीन तासांत सक्तीचं शिक्षण आणि फुकट ग्रंथालयं असलेल्या राज्यात पोचायचा.

त्या नवसारी प्रांताच्या डोंगराळ पट्ट्यात, सोनगडला, आदिवासी मुलांसाठी सयाजीरावांनी १८८५ च्या सुमारास वसतिगृह काढलं होतं. आपल्या जव्हार-तलासरीच्या रानासारखाच तो मुलूख.

टीका आणि उणिवा

सयाजीरावांवर त्या काळात टीकाही झाली. प्रकृतीच्या कारणाने ते वर्षातले महिनोन्महिने युरोपात राहायचे. त्यावर इंग्रजही नाराज आणि प्रजेतले काहीजणही. सक्तीच्या शिक्षणात मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंड व्हायचा. पोटासाठी पोराला कामावर नेणाऱ्या गरिबाला तो दंड जड जायचा. अस्पृश्य मुलांसाठी त्यांनी कारभार हाती येताच शाळा काढल्या, पण तिथे शिकवायला सवर्ण शिक्षक तयार होत नव्हते. राजाचा हुकूम असला तरी माणसांची मनं बदलायला वेळ लागला.

ग्रंथालयांच्या बाबतीत आणखी एक उणीव राहिली. एवढं मोठं काम उभं राहिलं, पण त्याला कायद्याचा आधार मिळाला नाही. ते राजाच्या इच्छेवर आणि खात्याच्या नियमांवर चाललं. कोल्हापूर संस्थानाने १९४५ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला, मद्रास प्रांताने १९४८ साली केला. बडोद्यात तो झाला नाही आणि १९४९ साली संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. राजाच्या नावाने चाललेल्या गोष्टींचा धनी मग कुणी उरला नाही.

शेवटची वर्षं

१९३२ साली कोल्हापूरला भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष सयाजीराव होते. ज्याला बाराव्या वर्षी क काढता येत नव्हता, तो साहित्यिकांच्या सभेचा अध्यक्ष झाला. मराठी-गुजराती पुस्तकांच्या अनेक माला त्यांच्या पैशातून निघाल्या. जुन्या संस्कृत पोथ्या छापणारी 'गायकवाड ओरिएंटल सिरीज' १९१६ साली सुरू झाली.

६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं. मोतीभाई अमीनही त्याच १९३९ सालात गेले. राजा आणि मास्तर, दोघांनी मिळून केलेलं काम मागे राहिलं.

मद्रासमध्ये शियाळी रामामृत रंगनाथन यांनी हा विचार पुढे नेला. गणिताचे प्राध्यापक असलेले रंगनाथन १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, लंडनला जाऊन हे काम शिकून आले आणि १९२९ पासून मद्रासमध्ये ग्रंथपालांचे प्रशिक्षण वर्ग सुरू केले. शाळा आणि कॉलेजच्या ग्रंथालयांवर त्यांनी १९४२ साली स्वतंत्र पुस्तक लिहिलं. त्यांचा जन्मदिवस, १२ ऑगस्ट, आपण ग्रंथपाल दिन म्हणून पाळतो. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ साली झाला.

मग आपल्या शाळांचं काय?

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक शाळेत ग्रंथालय असलंच पाहिजे, असं सांगितलं. वर्तमानपत्रं, मासिकं, सगळ्या विषयांची आणि गोष्टींची पुस्तकं, सगळं त्यात लिहिलं आहे. ते चालवणारा ग्रंथपाल मात्र त्या यादीत नाही. माध्यमिक शाळांत पूर्णवेळ ग्रंथपालाचं पद पटसंख्येवर अवलंबून असतं, त्यामुळे खेड्यातल्या लहान शाळेला ते बहुधा मिळतच नाही. प्राथमिक शाळेत तर सगळा भार शिक्षकावर. बॉर्डन १९१० साली बडोद्यात उतरले तेव्हा समोर जी अडचण होती, तीच आज आपल्या केंद्रशाळांत आहे. पुस्तकं आली, शिकलेला माणूस आला नाही.

आपल्या जिल्ह्याला हा धडा परका नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला बालवाड्या काढल्या तेव्हा त्यांनीही सेविका शिकवून तयार करण्यावर भर दिला. खेळणी आणि खोली नंतर, शिकवणारी बाई आधी. म्हणून ते काम टिकलं.

सगळ्या गोष्टींसाठी मंत्रालयाकडे बघायची गरज नाही. केंद्राच्या शिक्षण परिषदेला सगळे शिक्षक जमतातच. त्यातला अर्धा तास ग्रंथालय सांभाळणाऱ्या शिक्षकांना दिला तर किती गोष्टी शिकता येतील. दाखल नोंदवही आणि देवघेव नोंदवही सुटसुटीत कशी ठेवायची. इयत्तेपेक्षा वाचायच्या पातळीनुसार पुस्तकांना रंगीत पट्ट्या कशा लावायच्या. गोष्ट मोठ्याने वाचून कशी दाखवायची. फाटलेलं पान कसं चिकटवायचं. चौथी-पाचवीतल्या पोरांना 'बाल ग्रंथपाल' करून देवघेवीचं काम कसं सोपवायचं. तालुक्यात एखाद्या हायस्कूलमध्ये शिकलेला ग्रंथपाल असेल, सार्वजनिक वाचनालयात जाणतं माणूस असेल, तर त्यांना बोलवावं. ते नक्की येतील.

पाच शाळांनी मिळून पाच पेट्या केल्या आणि महिन्याला एक पेटी पुढच्या शाळेत सरकवली, तर तीस पुस्तकांच्या शाळेला दीडशे पुस्तकं मिळतात. खर्च फक्त मोटारसायकलच्या पेट्रोलचा.

आणि सगळ्यात आधी त्या शिक्षकाच्या डोक्यावरची भीती काढायला हवी. मुलांच्या हातात गेलेलं पुस्तक फाटणार, एखादं हरवणार. ते वापराचं नुकसान आहे, गुन्हा नाही. अधिकाऱ्यांनी तपासणीला आल्यावर किती पुस्तकं शिल्लक आहेत एवढंच न विचारता किती पुस्तकं घरी गेली, हेही विचारलं तर कुलूप आपोआप उघडेल. वापरून जुनी झालेली पुस्तकं नोंदीतून कमी करायची रीत शिक्षकाला समजावून सांगितली, तर पगारातून भरपाईची धास्ती राहणार नाही.

बाराव्या वर्षी अक्षर शिकलेल्या राजाने स्वतःच्या कपाटातली वीस हजार पुस्तकं लोकांना दिली, आणि ती नीट लोकांपर्यंत जावीत म्हणून माणसंही शिकवली. यंदा ११ मार्चला शाळेत त्यांच्या फोटोला हार घालाल, तेव्हा शेजारच्या कपाटाची किल्ली कुणाकडे आहे ते विचारा. त्या मॅडम किंवा सरांना काय शिकायचं आहे, तेही विचारा.